सही शेवटी

डाव्या बाजूला दीड इंच जागा सोडा, असं मी दर वर्षी फळ्यावर लिहिते आणि दर वर्षी मुलं एकच इंच सोडतात. मग किसन बायंडिंगवाला अहवाल शिवतो, प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर टाक्यात जातं, आणि मुलं तोंड एवढंसं करून माझ्याकडे येतात. "मॅडम, पहिलं अक्षर दिसत नाहीये." मी म्हणते, "दिसेल कसं? ते तुम्ही किसनला देऊन टाकलंय." मग रडत-कुढत पुन्हा प्रिंट काढतात.

भोसरीच्या एका तंत्रनिकेतनात मी मेकॅनिकलच्या मुलांना शिकवते. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो आणि त्या प्रोजेक्टचा अहवाल. यंत्र एकदाचं चाललं की प्रोजेक्ट झाला, असं मुलांना वाटतं. अहवालाचं काय, मागच्या वर्षीच्या मुलांची फाइल मागायची, नावं बदलायची, झालं. एका ग्रुपने ऋणनिर्देशात अशा सरांचे आभार मानले होते, जे केव्हाच निवृत्त होऊन सातारला शेती करत होते. मी विचारलं, "सर येतात का रे अजून तुम्हाला शिकवायला?" चारही मुलं एकमेकांकडे बघत राहिली. त्यांनी ते पान वाचलंच नव्हतं.

माझ्या मागे मुलं मला मार्जिन मॅडम म्हणतात. म्हणोत. आधी मुखपृष्ठ, मग प्रमाणपत्र, मग ऋणनिर्देश, मग गोषवारा, मग अनुक्रमणिका. तिथपर्यंत पानांचे आकडे रोमन, पहिल्या प्रकरणापासून साधे. आकृतीचं नाव आकृतीच्या खाली, तक्त्याचं तक्त्याच्या वर. 'आम्ही केले' असं लिहायचं नाही, 'करण्यात आले' असं लिहायचं. हे सगळं मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. वस्तू जिथल्या तिथे असली की माणसाला ती सापडते, एवढंच माझं म्हणणं. माझ्या घरातही तसंच आहे, आणि त्यावरून घरात कमी भांडणं झालेली नाहीत.

यंदा माझ्याकडे तिघांचा एक ग्रुप होता. धम्मरत्न, स्वरूपा आणि समर्थ. भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपसाठी ड्रिलिंगचा एक जिग करायचा, असा त्यांचा प्रोजेक्ट होता. जिग म्हणजे काय, तर काम पकडून ठेवणारा साचा. एकदा वस्तू त्यात बसवली की भोकं बरोबर ठरल्या जागी पडतात, दर वेळी मोजत बसावं लागत नाही. धम्मरत्न आकडेमोड करायचा, स्वरूपा लिहायची, आणि ड्रॉइंग सगळी समर्थची.

समर्थचे वडील ज्योतीराम एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये मिलिंग मशीनवर आहेत. मूळचे धाराशिवकडचे. लग्नानंतर इकडे आले ते इथलेच झाले. त्यामुळे समर्थचं ड्रॉइंग आमच्याकडे यायच्या आधी घरी तपासलं जायचं. तो प्रिंट काढून घरी न्यायचा, ज्योतीराम जेवण झाल्यावर ती शीट जमिनीवर पसरायचे आणि पेन्सिल घेऊन बसायचे. कुठे माप राहिलं असेल तर तिथे एक छोटा गोल. मग शीट परत समर्थकडे. दुरुस्त होऊन आली की पुन्हा बघायचे. एकही गोल न पडता शीट एकदम पास झाली, असं त्या घरात कधीच झालं नाही, असं समर्थ हसत हसत सांगायचा. "मॅडम, पप्पा मुद्दाम शोधतात. नाही सापडलं तर त्यांना झोप येत नाही."

एकदा मी त्याच्यावर चिडले होते. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. तिच्यात ड्रॉन म्हणजे कोणी काढलं, चेक्ड म्हणजे कोणी तपासलं, अप्रूव्हड म्हणजे कोणी मंजूर केलं, अशा जागा असतात. समर्थच्या सगळ्या शीटवर ड्रॉनची जागा रिकामी. मी म्हटलं, "नाव लिहायला लाज वाटते का रे? की चोरीचं आहे?"

"नाही मॅडम. पप्पा म्हणतात, सही शेवटी. पूर्ण सेट झाल्याशिवाय एकाही शीटवर नाव टाकायचं नाही."

"आणि पप्पा चेक्डमध्ये सही करतात का?"

"तेही शेवटीच. आधी माझी, मग त्यांची. माझ्या नावाशिवाय ते हात लावत नाहीत. आणि एक जरी चूक असली तरी सही नाही. परत पाठवतात."

"बरं, मग माझी सही कुठे?"

"अप्रूव्हडला, मॅडम. तुम्ही सगळ्यात वरच्या."

मला हसू आलं. कॉलेजच्या कागदावर वर्कशॉपच्या माणसाची सही चालत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. म्हटलं, होऊ दे सेट पूर्ण, तेव्हा बघू.

तो सेट पूर्ण झाला नाही. जानेवारीत समर्थ चाकणला एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जिगचा तळ बघायला गेला आणि दुचाकीवरून परत येताना मोशीच्या अलीकडे कंटेनरच्या मागच्या चाकाखाली गेला. हेल्मेट होतं. गाडी हळू होती, असं मागून येणाऱ्यांनी सांगितलं. त्या रस्त्यावर गाडी जोरात चालवायची म्हटलं तरी चालवता येत नाही. एवढंच आम्हाला कळलं आणि त्याहून जास्त जाणून घ्यायची मला हिंमत झाली नाही.

धम्मरत्न आणि स्वरूपा पंधरवडाभर आलेच नाहीत. मग एक दिवस दोघं प्रोजेक्ट लॅबच्या दारात उभी राहिली. स्वरूपा म्हणाली, "मॅडम, आम्ही प्रोजेक्ट बदलू का?" मी म्हटलं, "का बदलायचा?" ती दारातूनच समर्थच्या जागेकडे बघायला लागली. मीच म्हटलं, "बसा. जिग पूर्ण करा. त्याचा आहे तो." माझा आवाज कडक निघाला. मला दुसऱ्या आवाजात बोलता येत नाही.

मार्चमध्ये ज्योतीराम कॉलेजात आले. मी त्यांना पूर्वी एकदाच पाहिलं होतं, जानेवारीत, समर्थच्या अंत्यविधीला, आणि त्या वेळी कोणाकडेच बघवत नव्हतं. आता ते स्टाफरूमच्या दारात चप्पल काढून उभे होते. मी आत या म्हटलं, खुर्ची दिली. ते खुर्चीच्या काठावर बसले.

"मॅडम, येक इचारायचं व्हतं. ते काळं पुस्तक निघतंय ना प्रोजेक्टचं, सोनेरी अक्षराचं. समर्थ सांगायचा घरी. शोकेसमध्ये ठिवू म्हणायचा, आईला जागा करून ठिवायला सांगितलं व्हतं त्यानं."

"हो. निघणार आहे. एप्रिलमध्ये."

"त्याच्यावर त्याचं नाव येईल का?"

मी हो म्हणून टाकलं. विचार केला नाही, विचारलं नाही, सरळ हो म्हटलं. माणसाने समोर बसून एवढंच मागितलं तर दुसरं काय तोंडातून निघणार?

"मग त्या पुस्तकाची येक परत आमाला द्या. पैशाचं काय आसंल ते..."

"पैशाचं काही नाही. त्याचीच प्रत आहे ती," मी म्हटलं.

ते उठले, हात जोडले, आणि जाताना दाराशी थांबून म्हणाले, "त्याच्या आईनं शोकेसमधली ती जागा अजून तशीच मोकळी ठिवलीय, म्हून आलो." मग गेले.

त्याच दुपारी मी आमच्या विभागप्रमुखांकडे गेले. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी दार लावून घेतलं, मला पाणी दिलं, आणि मग मुखपृष्ठावरची नावं ही परीक्षेला बसणाऱ्यांच्या यादीबरहुकूमच असायला हवीत, असं समजावून सांगितलं. मुखपृष्ठ आणि प्रमाणपत्र एकमेकांशी जुळलं पाहिजे, प्रमाणपत्र यादीशी.

मी म्हटलं, "सर, एक नाव जास्त आलं तर कोणाचं काय जातं?"

"प्रमाणपत्रावर काय छापलेलं असतं ते तुम्हीच मुलांना पाठ करून घेता. 'यांनी हा प्रकल्प समाधानकारकरीत्या पूर्ण केला आहे.' त्याने पूर्ण केला का?"

"बाकी दोघांपेक्षा जास्त केला."

"जास्त केला हे मला मान्य आहे, मॅडम. पूर्ण केला का?"

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "माझाही मुलगा दुचाकीवर हिंजवडीला जातो. हे बोलायला मला बरं वाटतंय असं समजू नका. पण जो हजर नाही, त्याच्या नावाने मी सही कशी करू?"

मी भांडले. मला भांडता येतं, सगळ्या कॉलेजला माहीत आहे. पण नियमाशी भांडताना माझी जीभ जरा जड होते, कारण जन्मभर मी त्याच बाजूने उभी राहिलेली आहे. जागेवरची वस्तू जागेवर, हे मीच शिकवलं. आता समर्थची जागा कुठे, हे मला कुठल्याच पानावर दिसेना.

मग सुचला ऋणनिर्देश. आभाराचं पान कोणी तपासत नाही, तिथे कोणाचंही नाव चालतं. स्वरूपाला मी सांगितलं, की यंदा सीनियरचं पान उतरवायचं नाही, स्वतः लिहायचं. तिने लिहिलं. इंग्रजीत होतं, साधं होतं. आमचा मित्र समर्थ, ज्याच्याशिवाय हे काम झालं नसतं, त्याचे आम्ही ऋणी आहोत. समासही सगळे बरोबर होते. मी एकही दुरुस्ती केली नाही. अशी वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली असेल.

ज्योतीरामना फसवायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं. म्हणून दोघं मुलं ते पान घेऊन त्यांच्या घरी गेली. मुखपृष्ठावर नाव येणार नाही हे धम्मरत्नने सांगितलं आणि स्वरूपाने पान मराठीत समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोघं माझ्यासमोर बसली तेव्हा स्वरूपाचे डोळे सुजलेले होते.

"काय म्हणाले?"

"काका रागावले नाहीत, मॅडम. पण म्हणाले, आभार परक्याचे मानतेत. ह्यो तर तुमच्यातलाच व्हता ना? घरातल्याचे कोणी आभार मानतंय का?"

"आणि आई?"

"काकूंनी चहा केला. आम्हाला म्हणाल्या, तुमी नीट जा रे गाडीवर."

मी ते पान पुढे ओढलं. पुन्हा वाचलं. 'आम्ही ऋणी आहोत.' खरंच, त्या पानावर प्राचार्य होते, विभागप्रमुख होते, मी होते, वर्कशॉपचा मालक होता, जिगसाठी लोखंड देणारा होता. सगळे बाहेरचे. समर्थ त्या रांगेत बसल्यासारखा वाटत होता, लग्नघरचा मुलगा पाहुण्यांच्या पंगतीत बसवल्यासारखा. मी त्याच्यावरचं वाक्य खोडलं. खोडताना मला फार वाईट वाटलं.

मग धम्मरत्न म्हणाला, "मॅडम, ड्रॉइंग."

तो फार बोलत नाही. बोलला की कामाचं बोलतो. अहवालाच्या शेवटी ड्रॉइंगच्या शीट घडी घालून लावतात, आणि त्या शीटवर कोणाचं नाव असावं याबद्दल यादीत, परिपत्रकात, कुठेही काही लिहिलेलं नव्हतं. ड्रॉन, चेक्ड, अप्रूव्हड. ज्याने काढलं त्याचं नाव. तिथे हजेरी लागत नाही, तिथे खुर्चीवर बसून परीक्षा द्यावी लागत नाही. मला इतका आनंद झाला की मी टेबलावर हात आपटला. मुलं दचकली.

आम्ही समर्थची फाइल उघडली. एकामागून एक शीट पडद्यावर आली. बैठक, पकड, ड्रिलला वाट दाखवणारा बुश, हँडल. रेषा अशा स्वच्छ की माझ्यासारखीलाही बोट ठेवायला जागा नव्हती. आणि प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात ड्रॉनची जागा रिकामी होती.

मला आठवलं. सेट पूर्ण झाल्याशिवाय नाव नाही. सही शेवटी.

शेवटची शीट तळाच्या प्लेटची होती. त्या प्लेटला तीन भोकं होती, आरपार नसलेली, म्हणून भोक किती खोल घ्यायचं ते लिहावं लागतं. दोन भोकांना खोली लिहिलेली होती. तिसऱ्याला रेष ओढलेली होती, रेषेच्या टोकाशी काही नव्हतं. चाकणला तो तळच बघायला गेला होता.

स्वरूपा म्हणाली, "दोन मिनिटांचं काम आहे. तिसऱ्याची खोली तीच आहे, भरून टाकू. आणि सगळ्या शीटवर त्याचं नाव टाकू. कोण बघतंय?"

"नको," धम्मरत्न म्हणाला.

"का नको? तूच सुचवलंस ना ड्रॉइंग?"

"मला वाटलं, त्याने लिहिलं असेल." तो पडद्याकडेच बघत होता. "ही शीट त्याने जिथे सोडली तिथे आहे. तिच्यात मी आकडा टाकला की ती माझी होते. आणि नाव मी टाइप केलं तर ते त्याने टाकलेलं नाही, मी टाकलेलं आहे."

स्वरूपा चिडली. तू नेहमी असंच करतोस, तुला काय कळतं त्याच्या आईवडिलांचं, असं बरंच बोलली आणि बोलता बोलता रडायला लागली. धम्मरत्न उठून तिच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसला. मी मध्ये पडले नाही. माझं मन दोघांच्याही बाजूने होतं आणि तसं असलं की माणसाच्या हातून काहीच होत नाही.

शेवटी मी म्हटलं, "शीट आहे तशी जाऊ दे. नाव काय करायचं ते त्याचे वडील ठरवतील."

अपुरं ड्रॉइंग मी आजवर एकाही ग्रुपचं पुढे जाऊ दिलेलं नाही. तोंडावर फेकलेलं आहे. या वेळी मी स्वतः त्याच्यावर अप्रूव्हडची सहीही केली नाही आणि परतही पाठवलं नाही. किसनच्या दुकानात गेले, समोर उभी राहून चार प्रती शिवून घेतल्या. प्रत्येक मुलाला एक, विभागाला एक, मला एक, असा हिशेब असतो. माझी मी घेतली नाही. ती ज्योतीरामसाठी काढून ठेवली. किसन म्हणाला, "मॅडम, ह्यावेळी मार्जिन एकदम परफेक्ट सोडलंय पोरांनी." मी हो म्हटलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर म्हातारे होते, भराभरा पानं उलटत होते. ड्रॉइंगपाशी त्यांचा हात थांबला. "ड्रॉन रिकामं का? कोणी काढलंय हे?"

"समर्थने, सर," धम्मरत्न म्हणाला. "तो नाव शेवटी टाकायचा. त्याआधी गेला."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी पान उलटलं. मुलांना चांगले गुण पडले.

त्यानंतरच्या शनिवारी ज्योतीराम पहिली शिफ्ट सुटल्यावर थेट कॉलेजात आले. अंगावर कंपनीचा निळा शर्ट होता, हात कोपरापर्यंत धुतलेले होते, तरी नखांच्या कडा काळ्याच. प्रोजेक्ट लॅबमध्ये आम्ही तिघं त्यांची वाट बघत होतो. जिग टेबलावर ठेवला होता. त्यांनी आधी तो हातात घेतला, हँडल एकदा खाली-वर केलं, पकड बसते का बघितलं आणि परत ठेवला. "चांगला झालाय," म्हणाले.

मी काळी प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी सोनेरी अक्षरांवरून अंगठा फिरवला. तिथे दोन नावं होती. त्यांना आधीच माहीत होतं, तरी अंगठा दुसऱ्या नावाच्या खाली थोडा वेळ फिरत राहिला. मग त्यांनी पुस्तक उलटं केलं आणि मागून उघडलं. पहिली चाळीस-पन्नास पानं, ज्यांच्या समासासाठी मी मुलांचा जीव घेतला होता, ती त्यांनी बघितलीच नाहीत. ते सरळ ड्रॉइंगवर आले.

पहिली शीट त्यांनी घडी मोडून टेबलावर पसरली आणि तळहाताने सपाट केली. बघितली. मान हलवली. दुसरी बघितली, तिसरी बघितली. त्या सगळ्या त्यांनी पूर्वी घरी तपासलेल्या होत्या, ओळखीचं माणूस भेटावं तसे ते बघत होते. मग शेवटची आली. ही त्यांनी पाहिलेली नव्हती.

स्वरूपाने पेन पुढे केलं. "काका, इथे त्याचं नाव लिहा. ड्रॉनमध्ये. सगळ्या शीटवर लिहा. आम्ही तुमच्यासाठी मोकळं ठेवलंय. मॅडमनी सांगितलंय, चालेल."

ज्योतीरामनी पेनाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लिहा. हे कोणी खोडणार नाही. मी बघते कोण खोडतंय ते."

त्यांनी तिचा पेनाचा हात मागे सारला. मग हळू म्हणाले, "न्हाई बाळा. दुसऱ्याच्या जागेवर आपुन सही करायची नसती. ज्यानं काढलं त्यानंच करायची."

विभागप्रमुख हेच म्हणाले होते. त्या वेळी मला राग आला होता. आता मला रागही येईना.

"मग तुमच्या जागेवर करा," मी म्हटलं. "चेक्डमध्ये. तो म्हणाला होता, तिथे तुमची सही असते."

"म्हणला व्हता?"

"हो. आधी त्याची, मग तुमची, मग माझी. आज त्याच्याआधी करा. तो काही म्हणायचा नाही."

त्यांचा चेहरा थोडा हलला. खुर्ची पुढे ओढून ते नीट बसले. पण त्यांनी पेन घेतलं नाही. शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढली. "आधी बगावं लागंल," म्हणाले.

त्यांचं बोट शीटवर चालायला लागलं. बाहेरच्या मापावरून आतल्या मापावर, कडेवरून कोपऱ्यावर. मला आणि मुलांना तिघांनाही ठाऊक होतं ते कुठे जाऊन थांबणार. धम्मरत्नने माझ्याकडे पाहिलं. त्यांना ते दिसू नये, असं मला मनापासून वाटलं. मुलांच्या चुका शोधण्यात माझं आयुष्य गेलं आणि त्या दिवशी मी देवाकडे मागत होते, की या माणसाची नजर चुकू दे.

पहिलं भोक. दुसरं. तिसऱ्याच्या रेषेवरून बोट टोकापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं. त्यांनी पेन्सिल टेकवली आणि एक छोटा गोल काढला.

"हिची डेप्थ राहिली," ते म्हणाले.

स्वरूपाच्या हातात पेन तसंच होतं. ती म्हणाली, "काका, मग सही?"

"चूक निगाली की सही करायची न्हाई. परत द्यायचं." त्यांनी शीटची घडी घातली, होती त्याच घडीवर, कोपऱ्याला कोपरा जुळवून. पुस्तक मिटलं आणि उभं राहत, पुस्तक काखेत घेत, रोज बोलावं तसं म्हणाले, "त्यानं दुरुस्त करून आनलं की करतो."

ते दारापर्यंत गेले आणि तिथे थांबले. आपण काय बोललो ते त्यांना तिथे ऐकू आलं असावं. ते परत वळले, पण कोणाकडे बघावं ते त्यांना कळेना. धम्मरत्नने धावत जाऊन त्यांचा दंड धरला आणि त्यांना दाराजवळच्या स्टुलावर बसवलं. मी पाणी आणलं. त्यांनी ग्लास घेतला, प्यायले नाहीत. दुसऱ्या हातात पेन्सिल अजून तशीच होती.